हाताने दिलेली केपेबिलिटी अपग्रेडमध्ये पुसली जाते: मिरकरवाड्याच्या एका बर्फ कारखान्याचं प्रकरण

रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदराजवळच्या एका बर्फ कारखान्यात ब्राइन (मिठाच्या पाण्याच्या) टाकीचं तापमान नोंदवणारा प्रोग्राम ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात सुरूच होईनासा झाला. आदल्या रात्री वीज गेली होती, यूपीएस संपला होता आणि संगणक बंद पडून पहाटे पुन्हा चालू झाला होता. त्यामुळे सगळ्यांचा संशय विजेवर गेला. प्रत्यक्षात बिघाडाचं मूळ जूनमध्ये, प्रोग्रामचं पॅकेज अपग्रेड केलं त्या दिवशीच पडलं होतं: प्रोग्रामच्या फाइलीला हाताने दिलेला विशेष अधिकार, म्हणजे केपेबिलिटी, तेव्हाच पुसला गेला होता. मधल्या काळात ते दिसलं का नाही, आणि पुन्हा तसं होऊ नये म्हणून पॅकेजमध्ये काय बदललं, ते इथे सविस्तर मांडलं आहे. फाइलींचे मार्ग आणि आज्ञा वाचण्याच्या सोयीसाठी नागरीत लिहिल्या आहेत. टंकताना त्या नेहमीप्रमाणे रोमन लिपीतच द्यायच्या.

कारखान्यातली मांडणी

अमोनियाचा कॉम्प्रेसर, मिठाच्या पाण्याची टाकी, टाकीत उतरवलेले पत्र्याचे डबे आणि त्यांतून निघणाऱ्या लाद्या, अशी ही नेहमीची आईस फॅक्टरी. ब्राइन साधारण उणे ८ ते उणे १० अंश सेल्सिअसवर राहावं लागतं. ते वर सरकलं की लादी जमायला जास्त वेळ लागतो आणि समुद्रावर निघणाऱ्या बोटींना वेळेवर बर्फ मिळत नाही. कॉम्प्रेसरचे सुरक्षा कटआउट स्वतंत्र आहेत, ते संगणकावर अवलंबून नाहीत. संगणकाकडे फक्त नोंद ठेवणं आणि तापमान चढलं की भोंगा वाजवणं एवढंच काम आहे.

त्या कामासाठी डेबियन १२ (लिनक्सचं एक वितरण) घातलेला एक छोटा संगणक आहे. त्यावरचा प्रोग्राम, त्याला इथे ‘बर्फनोंद’ म्हणू, टाकीतले सेन्सर सीरियल केबलवरून वाचतो आणि तेच आकडे मॉडबस टीसीपी या औद्योगिक यंत्रांच्या संवाद-पद्धतीने पुढे देतो. कॉम्प्रेसरजवळच्या पॅनेलवरचा स्क्रीन हे आकडे मागून घेतो. मॉडबस टीसीपीचं ठरलेलं पोर्ट ५०२, आणि या स्क्रीनच्या सेटिंगमध्ये आयपी पत्ता भरायला जागा आहे, पोर्ट बदलायला नाही. म्हणजे बर्फनोंदला ५०२ वरच ऐकावं लागतं.

लिनक्समध्ये १०२४ च्या खालचं पोर्ट उघडायला मूळ रचनेनुसार विशेष अधिकार लागतो. पूर्वी त्याचा अर्थ ‘रूट (सर्वाधिकारी वापरकर्ता) म्हणून चालवा’ एवढाच होता. लिनक्सच्या गाभ्याच्या, म्हणजे कर्नलच्या, २.२ आवृत्तीपासून रूटच्या अधिकाराचे तुकडे पाडले गेले. त्या तुकड्यांना केपेबिलिटी म्हणतात. लहान पोर्ट उघडण्याचा तुकडा म्हणजे कॅप_नेट_बाइंड_सर्व्हिस. २००८ च्या जानेवारीत आलेल्या कर्नल २.६.२४ पासून हा तुकडा थेट फाइलीवर लावता येतो, म्हणजे ती फाइल साध्या वापरकर्त्याने चालवली तरी प्रोग्रामला तेवढाच अधिकार मिळतो. सीरियल पोर्टसाठी मात्र केपेबिलिटीची गरज नाही. डेबियनमध्ये सीरियल पोर्टची उपकरणं डायलआउट गटाची असतात. वापरकर्ता त्या गटात घातला की झालं. हा भेद सांगायचं कारण असं की ‘हार्डवेअरला हात लावायचा म्हणजे रूट हवंच’ ही समजूत अजून घट्ट आहे.

रूटवरून केपेबिलिटीवर

सुरुवातीला बर्फनोंद रूट म्हणूनच चालत होतं. प्रोग्राम आला तेव्हा तो एका टारफाइलमध्ये (फाइलींच्या गठ्ठ्यात) होता, आपली मॉडबस लायब्ररी सोबत घेऊन. एक छोटी शेल स्क्रिप्ट एलडी_लायब्ररी_पाथ हा चल लावायची आणि मग प्रोग्राम सुरू करायची. तंत्रज्ञाने फाइलीवर केपेबिलिटी लावून पाहिली, तर लगेच ‘लिबमॉडबस.एसओ.५ उघडता आली नाही’ असा संदेश आला. केपेबिलिटी काढली की तोच प्रोग्राम लोड व्हायचा. असं का होतं हे न कळल्यामुळे रूटचा रस्ता धरला गेला.

कारण ठरलेलं आहे. फाइलीवरच्या केपेबिलिटीमुळे साध्या वापरकर्त्याच्या प्रोसेसला वाढीव अधिकार मिळत असेल, तर कर्नल त्या प्रोसेसला सुरक्षित-चालन स्थितीत टाकतं. मग लायब्ररी जोडणारा लोडर एलडी_लायब्ररी_पाथकडे लक्षच देत नाही, एलडी_प्रीलोडवरही कडक बंधनं येतात, आणि बायनरीमध्ये ‘माझ्याच फोल्डरशेजारी शोध’ असा मार्ग कोरलेला असेल तर तोही विश्वासू फोल्डरांपुरताच चालतो. हे नसतं तर कोणीही आपली लायब्ररी पुढे करून दुसऱ्याला दिलेला अधिकार लुबाडला असता. यावर सरळ उपाय म्हणजे सोबतची लायब्ररी टाकून देणं आणि डेबियनच्या लिबमॉडबस५ पॅकेजवर अवलंबणं. ते होत नसेल तर लायब्ररीचं फोल्डर एलडी.एसओ.कॉन्फ.डी मध्ये नोंदवून एलडीकॉन्फिग चालवावं.

रूटवर राहणं मात्र खरोखर धोक्याचं होतं. मॉडबस टीसीपीमध्ये ओळख पटवण्याची सोय नाही, मजकूर सांकेतिक करण्याची नाही. ज्याला जाळ्यातून पोर्ट ५०२ गाठता येतं तो काहीही पाठवू शकतो. इथे तर पॅनेल, कार्यालयातला संगणक आणि पाहुण्यांचे फोन एकाच वायफायवर होते. बाहेरून आलेले बाइट उलगडणारा प्रोग्राम रूट असेल, तर त्यातली एक चूक म्हणजे अख्खा संगणक हातचा गेला. म्हणून पुढे पुरवठादाराने डेब पॅकेज तयार केलं, ‘बर्फ’ नावाचा वेगळा वापरकर्ता केला आणि तंत्रज्ञाने बसवल्यानंतर हाताने ही आज्ञा दिली:

सेटकॅप कॅप_नेट_बाइंड_सर्व्हिस=ईपी /यूएसआर/एसबिन/बर्फनोंद

यातला ‘पी’ म्हणजे हा अधिकार प्रोसेसला मिळू शकतो, आणि ‘ई’ म्हणजे प्रोग्राम सुरू होताच तो लागू. त्या दिवशी सगळं चाललं. आज्ञा कुठेच लिहून ठेवली नव्हती. ती फक्त त्या यंत्रावरच्या त्या फाइलीवर होती.

जूनमध्ये काय झालं

पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींना मासेमारीबंदी असते. बोटी किनाऱ्याला लागलेल्या, बर्फाला गिऱ्हाईक नाही; कारखान्याची देखभाल उरकायचा हाच काळ. टाकीची गळती, व्हॉल्व्ह, पंप यांच्याबरोबर बर्फनोंदची नवी आवृत्तीही तेव्हाच घातली गेली. डेबियनच्या ॲप्ट या पॅकेज बसवणाऱ्या साधनाने कुरकुर न करता ती बसवली.

ॲप्टच्या खाली प्रत्यक्ष फाइली बसवणारा डीपीकेजी नवी फाइल जुन्या फाइलीच्या आत लिहीत नाही. ती शेजारी ‘.डीपीकेजी-न्यू’ अशा शेपटीच्या नावाने उतरवतो आणि मग जुन्या नावावर सरकवतो. म्हणजे नाव तेच, पण खालचा आयनोड (डिस्कवरची फाइलीची मूळ नोंद) नवा. केपेबिलिटी नावाला चिकटलेली नसते. ती आयनोडच्या सिक्युरिटी.केपेबिलिटी या विस्तारित गुणधर्मात, वीस-चोवीस बाइटमध्ये साठवलेली असते. डेब पॅकेजातून फाइलीची मालकी आणि परवानग्या येतात, हा गुणधर्म येत नाही. जुना आयनोड गेला, त्याच्यासोबत हाताने दिलेला अधिकारही गेला.

तरीही काही बिघडलं नाही, कारण पॅकेज करताना ‘अपग्रेडनंतर सर्व्हिस रीस्टार्ट करू नये’ हा पर्याय मुद्दाम निवडला होता. नोंदीत खंड पडू नये हा हेतू. चालू प्रोसेस जुन्याच फाइलीवरून चालू राहिली. केपेबिलिटीचा हिशेब प्रोग्राम सुरू होतानाच्या क्षणी होतो. नंतर फाइलीचं काहीही झालं तरी चालू प्रोसेसचे अधिकार तसेच राहतात, आणि पोर्ट ५०२ तर आधीच उघडलेलं होतं. ऑगस्टमध्ये वीज गेली तेव्हा ती जुनी प्रोसेस संपली. नवी फाइल पहिल्यांदा खऱ्या अर्थाने चालली ती त्या पहाटे, आणि नेमक्या हंगामाच्या तोंडावर.

तपास

ऑपरेटरने कळवलेलं लक्षण होतं: स्क्रीनवर आकड्यांच्या जागी रेघा. सर्व्हिसच्या जर्नलमध्ये ‘बाइंड: परमिशन डिनाइड’ पाच वेळा, आणि मग ‘स्टार्ट रिक्वेस्ट रिपीटेड टू क्विकली’. सर्व्हिसच्या युनिट फाइलीत बंद पडल्यास पुन्हा सुरू करण्याची सूचना होती, पण सर्व्हिस सुरू करणारा सिस्टिमडी मूळ सेटिंगप्रमाणे १० सेकंदांत ५ प्रयत्न करून थांबतो. या दुसऱ्या ओळीमुळे बरेच जण भलतीकडे वळतात. ती केवळ परिणाम आहे; वरची पहिली ओळच वाचायची.

फायरवॉल बंद करून पाहण्यात पहिला तास गेला. बाइंडलाच नकार मिळत असेल तर फायरवॉलचा संबंध येत नाही, कारण बाइंड म्हणजे पोर्टवर हक्क सांगणं. पॅकेट अजून आलेलंच नसतं. ‘ॲड्रेस ऑलरेडी इन यूज’ असं आलं असतं तर दुसरा प्रोग्राम शोधावा लागला असता. परमिशन डिनाइड आणि पोर्ट १०२४ च्या खाली, एवढ्यावर केपेबिलिटीकडेच जायला हवं.

गेटकॅप /यूएसआर/एसबिन/बर्फनोंद

या आज्ञेने काहीच छापलं नाही. रिकामं उत्तर म्हणजे फाइलीवर केपेबिलिटी नाही. एलएस -एल ने हे कळत नाही. सेटयूआयडी बिट (फाइल तिच्या मालकाच्या अधिकाराने चालवणारी खूण) असेल तर तिथे ‘एस’ दिसतो, केपेबिलिटीसाठी तसं कुठलं अक्षर नाही. डीपीकेजीची पडताळणीही गप्प राहते, कारण ती फाइलीच्या मजकुराचा चेकसम तपासते, विस्तारित गुणधर्म पाहत नाही. डेबऐवजी आरपीएम पॅकेज वापरणाऱ्या लिनक्स वितरणांमध्ये ही उणीव नाही: तिथे स्पेक फाइलीत फाइलीच्या यादीतच केपेबिलिटी लिहिता येते आणि आरपीएम -व्ही तफावत असल्यास ‘पी’ हे अक्षर दाखवतो.

मग डीपीकेजीच्या लॉगमध्ये जूनमधली अपग्रेडची नोंद सापडली आणि कोडं सुटलं. ही गोष्ट जूनमध्येही सापडली असती. चालू प्रोसेसच्या /प्रॉक/पीआयडी/ईएक्सई या दुव्यापुढे ‘डिलीटेड’ असं दिसत होतं, म्हणजे प्रोसेस जुन्या फाइलीवर चालते आहे. नीडरीस्टार्ट नावाचं पॅकेज हेच शोधून अपग्रेडच्या शेवटी सांगतं. अशा एकांड्या यंत्रांवर ते बसवलेलं असावं असं आमचं ठाम मत आहे.

अधिकार मिळाला की नाही हे पाहायची पक्की जागा म्हणजे /प्रॉक/पीआयडी/स्टेटस मधली ‘कॅपईएफएफ’ ही ओळ. कॅप_नेट_बाइंड_सर्व्हिसचा क्रमांक १०, म्हणून सोळा अंकी हेक्स आकड्याच्या शेवटी ४०० दिसायला हवं. रॉ सॉकेटची (जाळ्यावर कच्ची पॅकेट थेट पाठवण्याची) कॅप_नेट_रॉ ही १३ क्रमांकाची, ती एकटी असेल तर शेवटी २०००. दोन्ही असतील तर २४००. डोक्यात हिशेब नको असेल तर कॅपएसएच --डिकोड ला तो आकडा द्यावा, तो नावं छापतो.

तपासात स्ट्रेस (प्रोग्राम कर्नलकडे काय मागतो ते दाखवणारं साधन) वापरणाऱ्यांनी एक लक्षात ठेवावं. साध्या वापरकर्त्याने स्ट्रेसखाली प्रोग्राम चालवला तर फाइलीवरची केपेबिलिटी लागूच होत नाही, त्यामुळे केपेबिलिटी नीट असलेल्या फाइलीचाही बाइंड तिथे फसतो आणि तपास चुकीच्या दिशेने जातो.

घाईचे उपाय आणि त्यांतले खड्डे

सकाळी सहा वाजता नोंद सुरू करायची म्हणून सेटकॅपची आज्ञा पुन्हा दिली गेली, आणि त्यानंतर ‘मालकीही बघून घेऊ’ म्हणून फाइलीवर चाउन (मालकी बदलण्याची आज्ञा) केलं गेलं. प्रोग्राम परत पडला. चाउन केलं की कर्नल सेटयूआयडी बिटासोबत केपेबिलिटीही पुसतं, आज्ञा रूटने दिली असली तरी. फाइलीत एक बाइट लिहिला तरी तेच होतं. परवानग्या बदलणाऱ्या चमॉडने मात्र ती जात नाही. म्हणून क्रम नेहमी असा: आधी मालकी आणि गट, मग परवानग्या, सगळ्यात शेवटी सेटकॅप.

फोनवरून आणखी दोन सल्ले आले होते. पहिला, फाइलीला सगळ्याच केपेबिलिटी द्याव्यात. म्हणजे जो कोणी ती फाइल चालवू शकतो त्याच्या हाती जवळजवळ रूट; मग वेगळा वापरकर्ता करण्याला अर्थच उरत नाही. कॅप_सिस_ॲडमिन, कॅप_सेटयूआयडी, कॅप_डॅक_ओव्हरराइड या एकेकट्याही जवळपास तेवढ्याच वजनाच्या आहेत. पोर्ट उघडायला यांपैकी एकही लागत नाही. दुसरा सल्ला, पोर्टची मर्यादाच खाली आणावी. कर्नल ४.११ पासून तसा सिसकंट्रोल (कर्नलची सेटिंग) आहे: नेट.आयपीव्ही४.आयपी_अनप्रिव्हिलेज्ड_पोर्ट_स्टार्ट ला ५०२ दिलं की त्यावरची सगळी पोर्टं कोणालाही मोकळी. एकाच कामाच्या यंत्रावर हे चालून जातं. इथे त्याच संगणकावर कार्यालयाचे इतर वापरकर्ते होते, म्हणून टाळलं.

बर्फनोंद पायथॉनमध्ये असतं तर आणखी एक मोह झाला असता. स्क्रिप्टच्या फाइलीवर लावलेली केपेबिलिटी कर्नल विचारात घेत नाही. चालतो तो इंटरप्रिटर, म्हणजे स्क्रिप्ट वाचून ती अमलात आणणारा प्रोग्राम. मग लोक इंटरप्रिटरवरच सेटकॅप करतात आणि यंत्रावरच्या प्रत्येकाच्या प्रत्येक पायथॉन स्क्रिप्टला तो अधिकार देऊन बसतात. हे कधीही करू नये.

पॅकेज कसं बदललं

कायमच्या उपायात पहिला निर्णय असा झाला की बर्फनोंदच्या फाइलीवर केपेबिलिटी लावायचीच नाही. तो पार्श्वभूमीवर चालणारा, नेहमी सिस्टिमडीनेच सुरू होणारा प्रोग्राम आहे. अशा प्रोग्रामचा अधिकार युनिट फाइलीत लिहिणं अधिक योग्य. युनिट फाइल पॅकेजसोबत येते, साधा मजकूर असते, कोणालाही वाचता येते, आणि बायनरी कितीदाही बदलली तरी तिला धक्का लागत नाही. तिच्या सर्व्हिस विभागात चार ओळी आल्या:

यूजर=बर्फ
ॲम्बियंटकेपेबिलिटीज=कॅप_नेट_बाइंड_सर्व्हिस
केपेबिलिटीबाउंडिंगसेट=कॅप_नेट_बाइंड_सर्व्हिस
नोन्यूप्रिव्हिलेजेस=येस

ॲम्बियंट केपेबिलिटी कर्नल ४.३ पासून आहेत. सिस्टिमडी त्या प्रोसेसला सुरू करण्याआधीच देतो, त्यामुळे चौथ्या ओळीने नवे अधिकार बंद केले तरी हा आधीच दिलेला राहतो. फाइलीवर केपेबिलिटी नसल्याने सुरक्षित-चालन स्थितीचाही प्रश्न मिटला.

मग फाइलीवरची केपेबिलिटी कुठे हवी? जिथे माणूस स्वतः टर्मिनलवरून प्रोग्राम चालवतो तिथे. पॅकेजमध्ये ‘बर्फशोध’ नावाचं दुसरं छोटं साधन आहे. पॅनेल बदलल्यावर किंवा केबल गंजल्यावर पाळीतला ऑपरेटर ते चालवतो आणि जाळ्यावर कोणती उपकरणं जिवंत आहेत ते पाहतो. खाऱ्या हवेत इथे कनेक्टर वारंवार हिरवे पडतात, त्यामुळे हे साधन खरंच रोजच्या वापरातलं आहे. त्याला रॉ सॉकेट लागतं, म्हणजे कॅप_नेट_रॉ. ऑपरेटरला सुडो (रूट म्हणून आज्ञा चालवण्याची मुभा) देण्यापेक्षा ही एकच केपेबिलिटी देणं केव्हाही चांगलं.

हे काम पॅकेजच्या पोस्टइन्स्ट (फाइली बसल्यानंतर चालणाऱ्या) स्क्रिप्टमध्ये, तिला ‘कॉन्फिगर’ हा शब्द मिळतो त्या फांदीत घातलं. पहिल्या स्थापनेला आणि प्रत्येक अपग्रेडला हीच फांदी चालते, आणि तोवर नवी फाइल जागेवर आलेली असते. फाइली बसण्याआधी चालणाऱ्या प्रीइन्स्टमध्ये टाकलं असतं तर अधिकार जुन्या फाइलीला लागून लगेच वाया गेला असता. स्क्रिप्ट आधी ‘बर्फचालक’ हा सिस्टिम गट नसल्यास तयार करते. मग डीपीकेजी-स्टॅटओव्हरराइडच्या यादीत या फाइलीबद्दल व्यवस्थापकाने स्वतःची काही नोंद केली आहे का ते पाहते. असेल तर मालकी आणि परवानग्यांना हात लावत नाही. नसेल तर फाइल रूट आणि बर्फचालक यांच्या नावे करते आणि परवानगी ०७५० ठेवते, म्हणजे गटाबाहेरच्याला ती चालवताच येत नाही. शेवटी:

सेटकॅप कॅप_नेट_रॉ=ईपी /यूएसआर/बिन/बर्फशोध

स्टॅटओव्हरराइड फक्त मालकी आणि परवानग्या सांभाळतो, केपेबिलिटी नाही. त्यामुळे ही शेवटची ओळ दोन्ही वाटांनी चालावी लागते. फाइलीचं खरं नाव द्यायचं, सिमलिंक (दुसऱ्या फाइलीकडे बोट दाखवणारं नाव) नाही. सेटकॅप सिमलिंक नाकारतो.

सेटकॅप हे साधन डेबियनमध्ये लिबकॅप२-बिन पॅकेजमध्ये येतं. बारीक, कमीत कमी घटकांच्या इमेजमध्ये ते नसतं, म्हणून ते ‘डिपेंड्स’मध्ये लिहिलं.

सेटकॅप फसला तर काय करायचं, यावर सगळ्यांत जास्त चर्चा झाली. डेबियन १२ मधल्या पिंगच्या (जाळ्यावरचं यंत्र जिवंत आहे का पाहणाऱ्या साधनाच्या) पोस्टइन्स्टची पद्धत बहुतेकांना माहीत आहे: सेटकॅप करून पाहा, जमलं तर सेटयूआयडी काढा, नाही जमलं तर सेटयूआयडी लावा आणि तसं छापा. पिंगला ते शोभतं, कारण तो सेटयूआयडीखाली चालण्याचा विचार करूनच लिहिलेला, वर्षानुवर्षं तपासला गेलेला प्रोग्राम आहे. बर्फशोध तसा नाही. त्याला सेटयूआयडी रूट देणं म्हणजे पुन्हा पहिल्या जागी येणं. पोस्टइन्स्टने चूक दाखवून थांबावं, हाही पर्याय होता. पण मग पॅकेज अर्धवट कॉन्फिगर राहतं, पुढच्या प्रत्येक ॲप्टला तीच चूक येते, आणि एका सहायक साधनापायी मुख्य नोंदणी अडते. म्हणून ठरलं असं: सेटकॅप फसला तर स्पष्ट संदेश छापायचा, फाइल कोणत्याही जादा अधिकाराशिवाय ठेवायची आणि स्क्रिप्ट यशस्वी संपवायची. बर्फशोध स्वतः सुरू होताना रॉ सॉकेट न मिळाल्यास कोणती केपेबिलिटी हवी ते मराठीत सांगतो.

सेटकॅप फसण्याची कारणंही मोजकी आहेत. फाइलप्रणाली हा गुणधर्म साठवत नसेल तर ‘ऑपरेशन नॉट सपोर्टेड’ येतं. एफएटी आणि एनएफएसवर तसं होतं, ईएक्सटी४, एक्सएफएस आणि बीटीआरएफएसवर होत नाही. फसवी गोष्ट म्हणजे नोसूआयडी पर्यायाने माउंट केलेलं विभाजन: तिथे सेटकॅप यशस्वी होतो, गेटकॅप केपेबिलिटी दाखवतो, आणि चालवताना कर्नल ती मोजतच नाही.

सुधारणेनंतर आलेली नवी अडचण

नवी आवृत्ती चाचणीला घातली आणि एक वेगळाच संदेश आला. बर्फनोंद दर काही मिनिटांनी बर्फशोधला हाक मारून पॅनेल जिवंत आहे का पाहत असे. आता ती हाक ‘ऑपरेशन नॉट परमिटेड’ म्हणून परत येऊ लागली. बर्फशोधला फक्त आवृत्ती क्रमांक विचारला तरी तेच. टर्मिनलवरून मात्र व्यवस्थित.

युनिट फाइलीतला बाउंडिंग सेट म्हणजे त्या सर्व्हिसच्या कुठल्याही वंशजाला मिळू शकणाऱ्या अधिकारांची कमाल मर्यादा. त्यात कॅप_नेट_रॉ नव्हती. फाइलीवर ‘ई’ आणि ‘पी’ दोन्ही असतील आणि मागितलेली केपेबिलिटी मर्यादेबाहेर असेल, तर कर्नल कमी अधिकारांवर प्रोग्राम चालवत नाही, चालवायलाच नकार देतं. ‘ई’ असलेली फाइल केपेबिलिटीबद्दल अजाण प्रोग्रामची आहे असं कर्नल मानतं, आणि तशा प्रोग्रामला अर्धवट अधिकारांवर सोडणं धोक्याचं. कंटेनरमध्येही हाच नकार नेहमी भेटतो, कारण तिथला बाउंडिंग सेट मुळातच आखूड असतो.

मर्यादा वाढवणं सोपं होतं, पण नोन्यूप्रिव्हिलेजेसमुळे अधिकार तरीही मिळाला नसता, आणि जाळ्याला तोंड असलेल्या सर्व्हिसला रॉ सॉकेट देणं पटणारंही नव्हतं. त्याऐवजी बर्फनोंदने पॅनेलची जिवंतता पॅनेलकडून शेवटची विचारणा कधी आली यावरून ठरवायला सुरुवात केली. स्क्रीन सतत आकडे मागतच असतो. त्यासाठी पिंग कशाला हवा?

राखीव यंत्र

खाऱ्या, दमट हवेमुळे कारखान्यात दुसरा तयार संगणक कपाटात ठेवलेला असतो. तो पहिल्यावरून टारने भरला होता, आणि त्यावर बर्फशोध चालत नव्हता. पिंगही साध्या वापरकर्त्याला दाद देत नव्हता. जीएनयू टार विस्तारित गुणधर्म आपणहून घेत नाही: बांधताना --एक्सॲटर्स द्यावं लागतं, आणि सोडताना त्याबरोबर --एक्सॲटर्स-इन्क्लूड=सिक्युरिटी.केपेबिलिटी हेही, तेही रूट म्हणून. आरसिंकला -ए पुरत नाही, मोठा -एक्स जोडावा लागतो. सीपी -ए रूटने केल्यास गुणधर्म येतात, साध्या सीपीने येत नाहीत. आधीच भरलेल्या यंत्रावर सगळ्यांत सोपा उपाय म्हणजे संबंधित पॅकेजं ॲप्टने --रीइन्स्टॉल करणं. केपेबिलिटी पोस्टइन्स्टमध्ये लिहिलेली असेल तर ती आपोआप परत येते. बर्फशोध आणि पिंग दोन्ही याच वाटेने दुरुस्त झाले.

आपल्या पॅकेजमध्ये नसलेल्या, डेबियनकडून येणाऱ्या एखाद्या फाइलीला केपेबिलिटी द्यायची वेळ आली, तर ती हाताने देऊन सोडू नये. एक छोटं स्थानिक पॅकेज करावं, त्याच्या ट्रिगर्स फाइलीत ‘इंटरेस्ट-नोअवेट’ आणि त्या फाइलीचा पूर्ण मार्ग लिहावा, आणि पोस्टइन्स्टमध्ये ‘कॉन्फिगर’ आणि ‘ट्रिगर्ड’ या दोन्ही शब्दांना सेटकॅप चालवावा. मूळ पॅकेज अपग्रेड झालं की डीपीकेजी स्वतःच हे पॅकेज जागं करतो. मार्ग मूळ पॅकेजच्या यादीत जसा असेल तसाच हवा. यादीत /बिन असताना /यूएसआर/बिन लिहिलं तर प्रत्यक्षात फाइल एकच असूनही ट्रिगर जागा होत नाही.

आता अपग्रेडनंतर काय तपासतात

सर्व्हिस रीस्टार्ट न करण्याचा पर्याय काढून टाकला आहे. नोंदीत काही सेकंदांचा खंड पडतो, आणि तो पत्करला आहे, कारण चूक असेल तर ती तंत्रज्ञ समोर असतानाच दिसते. त्यानंतर

सेटकॅप -व्ही कॅप_नेट_रॉ=ईपी /यूएसआर/बिन/बर्फशोध

ही पडताळणी चालते. गेटकॅपचा मजकूर स्क्रिप्टने शोधण्यापेक्षा हे भरवशाचं, कारण गेटकॅपच्या छपाईची धाटणी लिबकॅपच्या आवृत्त्यांमध्ये बदलली आहे: पूर्वी फाइलीच्या नावानंतर बरोबरचं चिन्ह आणि अधिक ईपी येई, आता थेट ‘=ईपी’ येतं. मग ऑपरेटरच्या लॉगिनने, सुडोशिवाय, बर्फशोध एकदा चालवून पाहतात. बर्फनोंदच्या कॅपईएफएफ ओळीच्या शेवटी ४००, बर्फशोध चालू असताना त्याच्या ओळीत २०००.

दर मे अखेरीस, बोटी किनाऱ्याला येण्याआधी, गेटकॅप -आर ने संपूर्ण यंत्रावरच्या केपेबिलिटींची यादी काढून मागच्या वर्षीच्या यादीशेजारी ठेवली जाते. गायब झालेली ओळ दिसली तर पॅकेज तपासायचं. आणि कोणी मध्येच हाताने वाढवलेली ओळ दिसली, तर ती ज्याने दिली त्याला विचारून पॅकेजमध्ये घालायची किंवा काढून टाकायची. जुलैमध्ये, कॉम्प्रेसर चालू करण्याआधी, संगणकाचा मुख्य स्विच बंद करून पुन्हा चालू करतात आणि स्क्रीनवर आकडे येईपर्यंत तिथेच थांबतात.